स्टॅबिलायझर समजून दिलेला डबा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कॉम्प्युटर पुसणं. चैत्र संपत आला होता. मी पाय धुऊन पडवीत टेकतो न टेकतो तोच बायकोने हाक मारली, "अहो, जरा वायरी धरा." समुद्र आमच्या घरापासून जवळ. खाऱ्या वाऱ्याने नवे खिळेसुद्धा महिन्यात लाल होतात. म्हणून दर पंधरवड्याला ती जुन्या लुगड्याच्या फडक्याने सगळं पुसायची. मागच्या बाजूला पाली घाण करायच्या, ती काढायचं काम माझं.

कॉम्प्युटर मुलाने आणलेला. तो मस्कतला नोकरीला. सुट्टीवर आला तेव्हा मांडून दिला आणि आईला शिकवून गेला. ती सातवी शिकलेली, मी चौथीतून पळालेला. आंब्याच्या पेट्या ठोकण्यात माझा जन्म गेला. ती माऊस धरून बसली की मला आतून जळायचं. ते कधी बोललो नाही, टोमणे मात्र मारत राहिलो. टेबलाखालच्या डब्यातला मॉडेम फोनच्या तारेवर किंचाळायला लागला की म्हणायचो, "डुक्कर कापतायत जणू!"

"लाईन जोडतोय तो," ती म्हणायची. "तुमच्यासारखाच आहे. काम थोडं, बोंब फार."

त्या दिवशी पुसता पुसता ती एकेका वस्तूला हात लावून सांगत होती. हा मॉनिटर, नुसता दाखवतो. हे स्पीकर, नुसते ऐकवतात. हिरवी पिन स्पीकरची, ती हिरव्या भोकात. गुलाबी माईकची. मग टेबलाखालच्या डब्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि ह्यात ना..."

"मला नको शिकवू गो," मी म्हटलं. "मी काय शाळेतलं पोर आहे?"

"बरं," ती म्हणाली, आणि फडकं झटकून वाळत टाकलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं.

मुलाला येता आलं नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि रजा थेट गणपतीला. फोनवर रडला, मग म्हणाला, "बाबा, आईचा आवाज जपून ठेवा हां. मी आलो की सीडीवर घेतो."

ती रोज दुपारी माईकसमोर बसून त्याच्यासाठी बोलून ठेवायची. फणसाची भाजी कशी करायची, शेजारणीचं काय बिनसलं, गाय कधी व्याली, मनात येईल ते. आमच्या फोनवरून एवढं बोलणं धाडायचं तर अर्धा दिवस लागे, आणि मध्येच लाईन तुटे. म्हणून चिठ्ठ्या ईमेलने जायच्या आणि बोलणं घरीच साठायचं, तो आला की द्यायला. कधी मला ऐकवायची. मागे माझा हातोडा वाजत असायचा. मी ऐकत नाही असं दाखवायचो.

"जपतो," मी म्हटलं, आणि माझ्या अकलेप्रमाणे जपलं. आवाज स्पीकरमधून येतो हे मी या कानांनी ऐकलेलं. दोन्ही स्पीकर तिच्या निळ्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. अक्षरं काचेवर उमटतात, म्हणून मॉनिटरवर चादर घातली. राहिला टेबलाखालचा डबा. टीव्हीखाली व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर असतो, तसलाच हा, अशी माझी समजूत. वर ते किंचाळणंही त्यातूनच यायचं.

जूनमध्ये गावच्या शाळेतल्या बाई आल्या. शाळेच्या कॉम्प्युटरचा पडदा चांगला होता, डबा बंद पडलेला. "काका, तुमचा वापरात नसेल तर द्याल का?"

"न्या. वीज खातो नुसता."

त्यांनी विचारलंसुद्धा, "ह्यात काही ठेवण्यासारखं आहे का हो?"

"ठेवण्यासारखं होतं ते मी कधीच ठेवलंय," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

पंधरा ऑगस्टला शाळेने मला शाल आणि नारळ दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून सगळ्या बाजूंना वाकलो. त्या नारळाचं खोबरं आमटीत घालून चवीने खाल्लं.

गणपतीच्या चार दिवस आधी मुलगा आला. आईच्या फोटोला हात जोडले, चहासुद्धा नको म्हणाला. "बाबा, आवाज?"

मी ट्रंक उघडली आणि लुगड्याचं गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. देवळातला प्रसाद द्यावा तसं. त्याने सोडलं. स्पीकर बघितले. मग वाकून टेबलाखाली बघितलं.

"डबा कुठाय?"

"शाळेला दिला. तो काय, स्टॅबिलायझर तर..."

तो चपला घालून तसाच शाळेत गेला. तासाभराने आला तो पायरीवरच बसला. "पुसलंय, बाबा. मुलांच्या धड्यांना जागा हवी म्हणून जूनमध्येच पुसलं. सगळं त्या डब्यातच होतं. हार्ड डिस्कवर."

"स्पीकरात थोडं तरी राहिलं असेल?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चपला काढत म्हणाला, "आईने कधी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

डबा दिला ते अडाणीपणाने. हे मात्र मी जाणूनबुजून केलं. माझी चूक मेलेल्या बायकोवर ढकलली, तिच्याच फोटोखाली उभं राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मुलाने केला. कपाला हात लावायच्या आधी मी बोललो. "ती सांगत होती. डब्यावर हात ठेवला होता तिने. मीच बोलू दिलं नाही."

त्याने कप माझ्याकडे सरकवला.

चहा पिऊन मी स्पीकर घेतले आणि शाळेत गेलो. बाईंना वाटलं भांडायला आलोय, त्या उभ्याच राहिल्या. "त्या डब्याचेच आहेत," मी म्हटलं. "लावून देतो." वाकून डब्यामागे हात घातला. हिरवी पिन हिरव्या भोकात बसली. शेजारी गुलाबी भोक रिकामं होतं. तिथे पालीने घाण केली होती, ती धोतराच्या सोग्याने पुसली.