हिरवी जीभ

चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीने पळालेली माणसं सुरतला परतली, पण माझा नवरा कामाला होता तो कडोदऱ्यातला लूमचा कारखाना पुन्हा उघडलाच नाही. दोन महिने घरी बसल्यावर यांना इच्छापोरच्या एका शेडमध्ये काम मिळालं. तान्ह्या धाकटीला शेजारणीकडे ठेवून मीही जाऊ लागले.

मोठमोठ्या बॉयलरमधून खरवडलेली काळी धूळ तिथे गोण्या भरभरून यायची. तिच्यात व्हॅनेडियम नावाचा महागडा धातू असतो, असं शेठ सांगायचे. मी धूळ चाळायची. हे ती धूळ ॲसिडच्या टाकीत ओतून लांब दांड्याने ढवळायचे. पाणी हिरवंनिळं व्हायचं. ते गाळून, पावडर टाकून उकळलं की तळाला विटकरी गाळ बसायचा. तो विकायचा, बाकी सगळं मागच्या नाल्यात.

एका सकाळी हे चूळ भरत होते. पाहते तर जीभ हिरवीगार, शेवाळ धरल्यासारखी.

"काय व्हयनं तुमले?"

"काही नही. तठे शेडमा सगळासनी जीभ अशीच व्हस," म्हणाले आणि तोंड मिटलं.

जिभेची सवय झाली, खोकल्याची होईना. जिना चढताना हे मध्येच बसायचे. डॉक्टर म्हणाले, "ते काम सोडा, नाहीतर औषध घेऊन उपयोग नाही."

मी शेठना गाठलं. "यांना टाकीपासून लांब ठेवा."

"टाकी पे आदमी तो चाहिए, बेन."

"मग मी उभी राहते."

पगार बुडाला तर खोली सोडावी लागेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

हे चाळायला बसले आणि पदर तोंडाला बांधून आठवडाभर मी ढवळलं. शनिवारी संध्याकाळी धाकटीला पाजायला घेतलं आणि माझ्या नाकातून रक्ताचा थेंब तिच्या कपाळावर पडला. यांनी तो पुसला. मग भिंतीकडे तोंड करून खोकत खोकत रडले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

त्यानंतर आम्ही तिकडे गेलो नाही. मी घरी साड्यांना टिकल्या लावू लागले. एक वेळ जेवून दिवस काढले. यांची धाप कमी झाली, पुरती कधी गेली नाही.

आमच्या जागी जळगावकडचं एक जोडपं लागल्याचं कळलं. राहवलं नाही. फाट्यावर त्या बाईला गाठून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं असंल ताई, पण आम्ही जावं कुठं?"

डबा सावरत ती शेडच्या रस्त्याला लागली.