काळूच्या वाट्याचं खारं मटण

सर्व्हिस मोटार केडगावला थांबली, तेव्हा आमच्याआधी काळूच तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्या वेड्या कुत्र्याला वाटलं, तोही निघालाय. लढाईचे दिवस होते, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, माणसांनाच जागा नसे. ड्रायव्हरने साफ नकार दिला. अब्बांचा कापूस पिंजायचा धंदा बसला होता आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम मिळालं होतं. जाणं भागच होतं.

काळूला शेजारच्या सोनाकाकूंनी धरून ठेवलं. अम्मानं त्यांच्यापुढे एक पुरचुंडी केली. बकरी ईद नुकतीच झाली होती. ईदचं उरलेलं मटण मीठ-हळद चोळून दोरीवर वाळवायची आमच्या घरची रीत. त्यातले हाडालगतचे चिवट तुकडे काळूचे असत.

"सोनाबाई, रोज एक तुकडा घाल त्याला. म्हंजे झुरनार न्हाई."

सोनाकाकू माळकरी. मटणाचा वासही त्यांच्या घरी चालत नसे. तरी त्यांनी ती पुरचुंडी काठीच्या टोकाला अडकवून घेतली आणि म्हणाल्या, "तू जा बिनघोर."

खडकीत एक खोली, सामाईक नळ आणि कारखान्याचा भोंगा. अब्बांच्या तोंडी शिफ्ट, ओव्हरटाइम असे शब्द आले. केडगावात दिवस उन्हावरून कळायचा, इथे भोंग्यावरून. मला गंमत वाटे. अम्माला अजिबात नाही.

एका सकाळी तिनं सोबत आणलेलं तेच वाळलेलं मटण शिजवायला घेतलं. रात्रभर भिजवलेलं खारट पाणी मोरीत ओतता ओतता ती थबकली.

"भिजवायचं सांगितलंच न्हाई गं मी तिला!"

आमच्याकडे ही गोष्ट कुणी कुणाला सांगत नसे, मुली बघून शिकत. काळूचे तुकडेसुद्धा भिजवून, उकळून, वरचं पाणी फेकूनच त्याला मिळत. एरवी ते नुसतं मीठच. ज्या घरात मटण कधी शिरलंच नाही, तिथे हे कोणाला ठाऊक असणार? अम्मानं भिजलेलं मटण तसंच बाजूला सारलं. काळू मेला असणार, आणि आपल्याच हातानं मेला, हे तिनं धरूनच टाकलं. वर आणखी एक धास्ती. "सोनाबाई म्हनंल, जाताना इख देऊन गेली."

अब्बांना सुट्टी नव्हती. अम्मा मला घेऊन केडगावला निघाली.

काळू सोनाकाकूंच्या दारात उन्हाला पडला होता. बरगड्या दिसत होत्या, पण उठला आणि धावत आला. अम्मा तिथेच मातीत बसली आणि त्याला कवटाळून रडली.

सोनाकाकूंनी खाली बघत सांगितलं, "लई पानी प्यायचा, वकायचा, पाय लटपटायचे. मटन खानाऱ्यांना इचारलं, तर म्हनले वास न्हाई, नासलं न्हाई, घाल. मला पटंना. मंग माळ काढून देवापुढं ठिवली, अन् एक तुकडा जिभंला लावून बघितला. निस्तं मीठ! बाकीचं पुरलं, अन् त्याला घोट घोट पानी पाजत बसले."

तेव्हा मला त्यांचा मोकळा गळा दिसला. अम्मा काही म्हणणार, तोच त्या म्हणाल्या, "माळ घालंन परत, महाराज आले की. जनावराला बोलता येत न्हाई, मंग कुनी चाखाय नको?"

अम्मानं त्यांचे पाय धरले. मोठ्या माणसाला असं पाय धरताना मी तोवर पाहिलं नव्हतं, मला फार वाईट वाटलं. काळू सोनाकाकूंकडेच राहिला, भाकरी-ताकावर.

पुढे फाळणी झाली. माझे मामू बिऱ्हाड घेऊन कराचीला निघाले आणि आम्हालाही न्यायला खडकीला आले. तिकडे आपली माणसं आहेत, नोकऱ्या आहेत, इथे आता आपलं कोण, असं ते अब्बांना समजावत होते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्या दिवसांत अब्बा बाजारातून परत येईपर्यंत अम्मा दारातच उभी असे. मामूंची मुलं अजून मला विचारतात, तुम्ही का नाही आलात? मुलांनो, अब्बा जवळजवळ तयार झाले होते. चुलीपाशी बसलेली अम्मा तेवढी म्हणाली, "भाईजान, तिकडं माझ्या कुत्र्यापायी कोन गळ्यातली माळ उतरवील?"

मामूंना काहीच कळलं नाही. अब्बांना कळलं. त्यांनी मामूंचं सामान स्टेशनवर पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याला कामावर गेले.