देवीचा दिवा आणि आत्याची बरणी

जऊळक्याच्या स्टेशनावर वाशीमकडून येणारी गाडी दिसली, तेव्हा आईने माझ्या पिशवीत अकरावी भाकर कोंबली आणि बाबांनी शेवटचा उपदेश केला. "पेपरात चाल्ला, ठीक हाय. लबाड लिहू नोको. अन् लिहाच लागलं, तं आपल्या गावाचं लिहू नोको." मी मान डोलावली. गाडी समोर उभी असताना माणूस कशालाही मान डोलावतो.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाठोडं उचलून निघालेल्यांनो, तुम्हा दोघांनाही हे सांगतो आहे, कारण बाबांना दिलेला तो शब्द मी मोडला.

आधी नागपूरच्या छापखान्यात प्रुफं तपासली. मग कारंज्याच्या कापसाचे भाव लिहिले. मग मृत्युलेखांवर माझी नेमणूक झाली आणि ते इतके जमू लागले की एका वकीलसाहेबांनी जिवंतपणीच आपला वाचायला मागितला, वर दोन विशेषणं वाढवून घेतली. पुढे पुण्याला गेलो. तिथल्या खाणावळीच्या मालकीणबाई मी "मले भात" म्हटलं की माझ्याकडे अशा बघायच्या, की महिनाभरात माझी भाषा सरळ झाली आणि भूक अर्धी. तिथेच मला माझा विषय सापडला. पूर येतो, दुष्काळ येतो, साथ येते, आणि माणसं पुन्हा उभी राहतात, ती कशी? गावोगाव हिंडून मी हेच लिहीत राहिलो.

इकडे जऊळक्यात टपालाने गेलेला पेपर मास्तर लिंबाखाली मोठ्याने वाचत. बाबा ऐकत आणि शेवटी लोकांना सांगत, "पेपरात आलं म्हन्जे खरंच असन. पन आमच्या पोट्ट्यानं लिहिलं असन, तं एकडाव इचारून घ्या." हे मला गावाहून आलेला प्रत्येक माणूस हसत हसत सांगायचा. मला हसू येत नसे. जगाने शाबासकी दिली तरी बाबांची राहिली होती आणि मला तीच हवी होती.

म्हणून मी पुस्तक लिहिलं, आणि त्यात आमच्या गावाचं प्रकरण घातलं. मी लहान असताना प्लेग आला. उंदीर पडू लागले तसं सारं गाव घरांना कुलपं लावून शेतातल्या झोपड्यांत राहायला गेलं. त्या ओसाड गावात रोज संध्याकाळी एकटी जात होती बाबांची मोठी बहीण, सरू आत्या. का, तर देवीचा दिवा विझू नये म्हणून. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते प्रकरण लिहिताना मी स्वतःच दोनदा रडलो.

पुस्तक घेऊन गावी गेलो. मास्तरांनी लिंबाखाली ते प्रकरण वाचलं. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. बाबा उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हे खरं हाय. हे म्या पाह्यलं." माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. "दिव्याचं काहून लिहिलं रे बापू? दिवा तं कोनीबी लावला असता. म्या लोनच्यासाठी जात होती."

मास्तरांनी पुस्तक खाली ठेवलं, तरी आत्या सांगतच होती.

"घरातली बरनी हे एवढी, उचलता येत नोहती. तुमी लेकरं कोरडी भाकर थुकून देत होते. रोज वाटीभर आनत होती. लोनच्यासाठी जातो म्हनलं असतं तं ह्या तुह्या बापानं जाऊ देल्लं असतं का?"

बाबा लाल झाले. "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं का? दोघंबी बोटं चाटून खात होते. कोठून आलं, एकानं इचारलं?"

सारा लिंब हसला. मी हसलो नाही. दहा जिल्हे पालथे घालून मी लोकांना विचारत फिरलो होतो, तुम्ही कसे तगलात म्हणून. आणि मी स्वतः ज्याच्यावर तगलो, ते रोज माझ्या भाकरीवर पडत होतं. आत्या त्यासाठी उंदीर मेलेल्या गल्लीतून चालत जात होती. मला तिची लाज वाटली नाही, माझी वाटली.

परतताना स्टेशनावर बाबांनी लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली. त्यांचा चेहरा अजून उतरलेलाच होता. फसलेल्या दोघा साक्षीदारांसारखे आम्ही बाकावर बसलो होतो. गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "गावाचं लिही बापू. पन आत्याले इचारून लिही."

दुसऱ्या आवृत्तीत मी दिवा ठेवला आणि शेजारी बरणी ठेवली. पुण्यात मला कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी आता चटकन जऊळका म्हणतो. बाकी सगळीकडे लोक माझं लिहिलेलं वाचतात. तिथे ते मला पुन्हा लिहायला लावतात, आणि तोवर जेवायला वाढत राहतात.