सदुसष्टाव्या वर्षी धाकटी

मासान शहरातल्या शिवणकारखान्यात मी सत्तेचाळीस बायांवर मुकादम होते. मी नुसती मान वर करून बघितलं तरी मशिनी जोरात चालायच्या. आणि आता सदुसष्टाव्या वर्षी, गावातल्या म्हाताऱ्या दिवसभर जमतात त्या खोलीत, रोज दुपारी अठरा जणींची भांडी मी घासते. कारण काय, तर मी धाकटी. इथे पासष्टीच्या आत प्रवेश नाही, आणि मी आल्यापासून दोन वर्षांत गावात दुसऱ्या कुणाला पासष्टावं लागलंच नाही.

"धाकटे, पाणी आण." "धाकटे, टीव्हीचा आवाज वाढव." "धाकटे, माझा चष्मा कुठंय गं?" डोक्यावर आहे, काकी. सकाळपासून डोक्यावरच आहे.

सगळ्यांत जास्त छळ हादोंगवालीचा. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानेच हाक मारतात. तिचं खरं नाव पिल-नाम आहे, हे मला दवाखान्याच्या कार्डावरून कळलं. वय शहाऐंशी. कंबर काटकोनात वाकलेली, जीभ तेवढी ताठ. एकोणतिसाव्या वर्षी नवरा होडीसकट बुडाला. तिने सोयाबीन आंबवून देनजांगचा खारट लगदा केला, डोक्यावरून बाजारात नेला आणि त्यावर चार पोरं वाढवली. चौघंही शहरात गेली आणि सणाला फोन करतात. हिने मग सगळं लक्ष आमच्या खोलीतल्या चुलीवर घातलं, आणि चुलीजवळ सापडले मी.

तिचं शिकवणं म्हणजे डोक्याला ताप.

"काकी, मीठ किती घालू?"

"पुरेल एवढं."

"पुरेल म्हणजे किती?"

"जास्त होणार नाही एवढं. तुला शाळेत काय शिकवलं?"

मग रस्सा चाखून तोंड वाकडं करायची. "कारखान्यात कापड उकळून प्यायचात का गं?" अठराजणी खिदळायच्या. मी घरी येऊन भिंतीशी भांडायचे. उद्या जायचंच नाही, असं रोज ठरवायचे, आणि रोज आठाच्या ठोक्याला तिथे मुळे सोलत बसलेली असायचे. "माझी सुटका कधी होणार?" हे मी दोन वर्षांत हजारदा तरी म्हटलं असेल, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

जानेवारीत जिन्जूवाली आली. नवरा गेल्यावर शहरातलं घर विकून सासरच्या गावात राहायला आलेली. हादोंगवालीने दारातच विचारलं, "साल कुठलं?"

"उंदराचं," ती खाली बघून म्हणाली.

आमच्याकडे सालं आणि दिवसही बारा प्राण्यांच्या नावांनी फिरून फिरून येतात; मी बोटांवर मोजलं. पासष्ट पूर्ण. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी तिथल्या तिथे एप्रन सोडला, तिच्या गळ्यात घातला आणि खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून बसले. चार दिवस स्वर्ग. पाचव्या दिवशी लक्षात आलं की माझ्यावर कुणी ओरडतच नाही. हादोंगवाली आता जिन्जूवालीवर ओरडत होती. "मुळा असा कापतात का? जिन्जूत काय दात नसतात लोकांना?" आणि मला, या वयात, चक्क हेवा वाटत होता. पत्ते समोर धरून मी कान तिकडे लावून बसायचे. स्वतःचाच इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

त्यातच हादोंगवालीने जाहीर केलं, "येत्या घोड्याच्या दिवशी मोठ्या रांजणात सोयाबीन घालायचं. माझे हात आता चालत नाहीत. मी बसून सांगणार. करणार धाकटी." म्हणजे आता जिन्जूवाली.

गेल्या दोन्ही वर्षी मिठाचं पाणी जोखायची वेळ आली की तिने मला मुद्दाम लाकडं आणायला पिटाळलं होतं. ते एकच तिने मला दाखवलं नव्हतं. यंदा दाखवेल म्हणून मी वाट बघत होते.

"काकी, दोन वर्षं मी राबले," मी तिला गाठून म्हटलं.

"तूच म्हणायचीस ना, सुटका कधी? झाली सुटका."

"ते मी उगाच म्हणत होते."

"मला काय ठाऊक? पाहिजे होतं तर पाहिजे म्हणायचं. तोंड होतं ना?"

मी तडक बाजारगावात जाऊन केस कुरळे करून घ्यायला बसले. शेजारच्या खुर्चीत जिन्जूची एक बाई होती. बोलता बोलता आमच्या जिन्जूवालीचा विषय निघाला. "अगं, ती माझ्या वर्गातली. आम्ही दोघी कोंबड्याच्या सालच्या."

म्हणजे अडुसष्ट. माझ्याहून मोठी. आमच्याकडे भांडणात भाव खायला लोक वय वाढवून सांगतात. कमी सांगून भांडी घासायला जाणारी मी जन्मात पाहिली नव्हती. मला तर नाचावंसं वाटलं. पण ती बाई पुढे म्हणाली, "नवरा गेल्यावर तीन वर्षं तिने दार उघडलं नाही. आता रोज फोन करते. म्हणते, मला इथे सकाळ-दुपार शिव्या मिळतात. आणि हसते गं."

घरी येईपर्यंत मला नुसता वैताग आला होता. खोटं तिने बोलायचं आणि मन मात्र माझं खायचं.

घोड्याच्या दिवशी सकाळी अंगणात सगळ्या जमल्या. जिन्जूवाली बाह्या सारून रांजणापाशी उकिडवी बसली होती. एक शब्द बोलले असते तर ती जागा माझी झाली असती. ओठांवर आलंही होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि कानात म्हणाले, "ताई, जरा सरका."

तिचे हात पाण्यात तसेच थांबले. पहिल्या दिवसापासून मी तिला धाकटी म्हणून 'ए' करून बोलत होते. "कुणाकुणाला सांगितलंस?" तिने विचारलं.

"कुणाला नाही. सांगणारही नाही. पण मीठ मलाही शिकायचंय."

ती वीतभर सरकली.

"तिथं काय कुजबुज चाललीय?" ओट्यावरून हादोंगवाली खेकसली. "पाण्यात मीठ पुरलं का, अंडं तरंगतं का बघायचंय. धाकटे, अंडं आण."

आम्ही दोघीही उठलो.