आर्डिसबाईंनी दिलेला शब्द

एल्क बेंडमध्ये आर्डिस क्नुट्सनबाईंना ओळखत नाही असा माणूस दिसला, तर तो रस्ता चुकलेला असतो. आणि त्याला रस्ताही शेवटी आर्डिसबाईच सांगतात. सिनेटरच्या इथल्या कार्यालयात त्या एकतीस वर्षं होत्या. तेवढ्यात एक सिनेटर म्हातारा होऊन घरी बसला, दुसरा निवडून आला, भिंतीवरचा फोटो बदलला. बाईंची खुर्ची तीच राहिली. कुणाच्या पेन्शनचा कागद अडकला, लष्करात गेलेल्या कुणाच्या मुलाचं पत्र येईना, की लोक सिनेटरला फोन लावत आणि आर्डिसबाईंशी बोलून ठेवून देत. सिनेटरशी बोलायचं राहिलं, हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

पण जुनी माणसं हळहळतात ती बाईंच्या दुसऱ्याच एका कामासाठी. राज्यातल्या केंद्रीय न्यायालयात एखादी खुर्ची रिकामी झाली, की नाव राष्ट्राध्यक्ष जाहीर करतात आणि मंजुरी सिनेट देते, हे शाळेतल्या पुस्तकात असतं. ते नाव मुळात येतं कुठून, हे पुस्तकात नसतं. आमच्याकडे ते इडाच्या जेवणघरातून यायचं.

राज्याचे दोन सिनेटर, दोघे दोन पक्षांचे. त्यांनी मिळून सहा वकिलांची समिती नेमलेली, तीन या बाजूचे, तीन त्या. शनिवारी दुपारी इडाकडे मागच्या खोलीत ते जमत आणि आर्डिसबाई चिटणीस म्हणून बसत. चिटणिसाचं पहिलं काम म्हणजे कॉफीचा रिकामा डबा फिरवायचा. सहाही जणांनी आपापल्या गाडीच्या किल्ल्या त्यात टाकायच्या. चार नावांवर एकमत होऊन सहांच्या सह्या झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हा नियम कुठल्याही कायद्यात नाही; बाईंनी तो पहिल्याच वर्षी काढला आणि पुढे कुणाची मोडायची हिंमत झाली नाही. बाहेर जानेवारी. आमच्याकडचा जानेवारी असा, की ‘मी चालत जाईन’ अशी धमकी रागाच्या भरातही कुणी देत नाही.

एका वर्षी दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. सूप संपलं, राईचा पाव संपला, सफरचंदाचा केक आला, तरी चौथं नाव ठरेना. तेव्हा वेन्डेल हाउग्लंड नावाचा तरुण वकील समितीत होता. तो म्हणाला, “बाई, निदान माझी किल्ली द्या. गाईंच्या धारा काढायच्यात.”

“तुझ्याकडे गाई नाहीत, वेन्डेल.”

“शेजाऱ्याच्या आहेत.”

“मग शेजारी काढेल.”

समोरच्या बाजूचे तिघे इतके हसले, की हसण्याच्या भरात चौथं नाव त्यांनीच मान्य केलं. पुढे तो माणूस एकोणीस वर्षं न्यायाधीश होता, आणि त्याचं नाव मुळात कुठल्या बाजूनं आलं होतं ते आज कुणालाच आठवत नाही.

यादी झाली की उमेदवारांना फोन करायचा मान बाईंचा. कारण या बाजूच्या वकिलानं केला तर त्या बाजूला राग. राष्ट्राध्यक्ष यादीतून ज्याला निवडत, त्याला बाई दुसऱ्यांदा फोन करत आणि एकच वाक्य बोलत: “दोन्ही सिनेटरांच्या सह्या होतील, तयारीला लागा.”

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्या अकरा जणांना बोलल्या. अकराही जण खुर्चीत बसले. त्यामुळे आमच्याकडच्या वकिलांना एक खोड लागली होती. दुसऱ्या राज्यातला वकील सिनेटचं मतदान होऊन शपथ होईपर्यंत आपलं दुकान बंद करत नाही. आमच्याकडचा माणूस आर्डिसबाईंचा दुसरा फोन आला, की त्याच आठवड्यात नवी प्रकरणं घेणं बंद करी, जुनी वाटून टाकी आणि जागामालकाला नोटीस देई.

बारावा होता रूबेन शिमान्स्की.

रूबेन पंचावन्नचा, उंच, थोडा वाकलेला. बांधांची भांडणं, मृत्युपत्रं, दूधसंघाचे करार, एकशेचाळीस घरं त्याच्याकडं. त्याचं नाव सहाही जणांनी पहिल्या तासात लिहिलं. केकही यायचा होता. मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी त्याची निवड केली आणि बाईंनी फोन केला. जुलैपर्यंत रूबेननं सगळी प्रकरणं शेजारच्या गावातल्या वकिलाकडं सोपवली, पाटी उतरवली आणि कायद्याची पुस्तकं गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. नाव जाहीर झालेल्या माणसानं वादग्रस्त विषयावर बोलू नये असा संकेत असतो. रूबेननं तो जरा जास्तच मनावर घेतला. चर्चच्या जेवणात कुणी विचारलं, “मासा खारट झालाय का?” तर हा म्हणे, “त्यावर भाष्य करणं योग्य होणार नाही.” लोक त्याला मुद्दाम विचारायला लागले.

घोडं अडलं ते निळ्या चिठ्ठीपाशी. न्यायाधीशाचं नाव आलं, की सिनेटची समिती त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना एकेक निळा कागद पाठवते. त्यावर दोन चौकटी असतात, एक होकाराची, एक नकाराची. खूण करून कागद परत गेला की गाडं पुढे सरकतं; नाही गेला, तर समिती वाट बघत बसते. कायदा नाही, नुसता रिवाज. दुसऱ्या पक्षाच्या सिनेटरनं आपली चिठ्ठी आठवड्यात होकार देऊन परत केली. आमच्या सिनेटरनं केली नाही. आणि आमचा सिनेटर म्हणजे आता कोण? तर तोच, शेजाऱ्याच्या गाईंचा वेन्डेल हाउग्लंड.

“निवडणूक होऊ दे,” तो म्हणाला होता.

नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. ज्यांनी रूबेनला निवडलं ते हरले, वेन्डेलचा पक्ष जिंकला. तीन जानेवारीला दुपारी बारा वाजता जुनं सिनेट संपणार आणि अडकलेली सगळी नावं आपोआप परत जाणार होती. वेन्डेल सुट्टीला गावी आला, निळी चिठ्ठी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “ही खणात ठेव. तीन तारखेनंतर फाईलला लाव.”

बाई त्या दिवशी घरी येऊन गप्प बसल्या. त्यांचा नवरा व्हर्जिल, दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, तासभर वाट पाहून म्हणाला, “भांडण कार्यालयात झालं असेल तर ठीक. माझ्याशी झालं असेल तर मला कळव.”

“रूबेननं माझ्या सांगण्यावरून दुकान मोडलं, व्हर्जिल.”

“राष्ट्राध्यक्षांच्या सांगण्यावरून.”

“राष्ट्राध्यक्षांना तो ओळखत नाही. मला ओळखतो.”

यावर व्हर्जिलनं वाद घातला नाही. बटाटे आणि खिम्याचं भांडं भाजून झाल्यावर त्यानं ते टॉवेलात गुंडाळून गाडीत नेऊन ठेवलं, कारण बाई कुठं निघाल्यात ते त्याला विचारायची गरज नव्हती.

हरणाच्या शिकारीचे नऊ दिवस चालू होते. त्या दिवसांत आमच्याकडचा पुरुष घरी सापडत नाही. भडक नारिंगी कोट घालून रानातल्या झोपडीत असतो. वेन्डेल स्टोव्हजवळ बूट वाळवत बसला होता.

“हरीण मिळालं का, सिनेटर?”

“एक दिसलं. त्यानं मला आधी पाहिलं.”

“हल्ली तुम्हाला सगळेच आधी पाहतात.” बाईंनी भांडं स्टोव्हवर ठेवलं आणि पर्समधून निळा कागद काढला.

“आर्डिस, मी शिकारीला आलोय.”

“म्हणूनच आणला. वॉशिंग्टनला तुमच्या आजूबाजूला सहा जण असतात. इथे तुम्ही आणि स्टोव्ह.” मग त्यांनी खुर्ची ओढली. “वेन्डेल, बस नीट.”

बाई ‘सिनेटर’ म्हणाल्या की काम असे. ‘वेन्डेल’ म्हणाल्या की खैर नसे. तो नीट बसला.

“निवडणूक होऊ दे म्हणालास. झाली.”

“झाली, आणि आपण जिंकलो. तीच तर पंचाईत आहे. जानेवारीत आपले राष्ट्राध्यक्ष येतील, ती खुर्ची ते आपल्या माणसाला देतील. मी आत्ता रूबेनला वाट करून दिली, तर पुढच्या निवडणुकीत पक्षातलेच लोक माझ्याविरुद्ध माणूस उभा करतील. माणूस ठरलाय सुद्धा.”

“रूबेनच्या नावावर तुझ्याच तिघांच्या सह्या आहेत.”

“शेजारच्या राज्यात समोरच्या पक्षानं आपल्या दोन माणसांच्या चिठ्ठ्या अशाच दाबल्या होत्या. तेव्हा कुणी खिमा घेऊन गेलं होतं त्यांच्याकडं?”

“शेजारच्या राज्यात मी कुणाला शब्द दिला नव्हता.”

वेन्डेलनं बूट उलटा केला, आतला कागदाचा बोळा काढला, दुसरा घातला.

“बरं, नाही म्हण,” बाई म्हणाल्या. “नकाराचीही चौकट आहे. खूण कर आणि पाठव. निदान त्याला कळेल.”

“नाही म्हटलं की कारण विचारतात. रूबेनविरुद्ध काय कारण देऊ? त्यानं माझ्या आईचं मृत्युपत्र केलंय.”

“म्हणजे कारण नाही.”

“न पाठवणं म्हणजे काही करणं नव्हे, आर्डिस.”

“तू सात वर्षं इडाच्या टेबलाला बसलास. तिथून काही न करता कुणी घरी गेलं होतं का?”

तो हसला, पण लगेच थांबला. “ते दिवस वेगळे होते.”

“दिवस तेच होते. मला फोनवर काय बोलायची सवय आहे, तुला पाठ होतं. मेमध्ये मी रूबेनला फोन केला तेव्हा तू शेजारच्या खोलीत होतास. एकदा तरी म्हणालास, की बाई, या वेळी थांबा?”

वेन्डेलनं दोन्ही बूट स्टोव्हकडे सरकवले. मग म्हणाला, “तेव्हा मला वाटलं होतं, जमेल.”

हे बाईंना खोटं वाटलं नाही, आणि त्यामुळंच जास्त लागलं. त्या उठल्या. कागद त्यांनी टेबलावर, मिठाच्या बरणीखाली ठेवला. “भांडं परत नाही आलं तरी चालेल. हे पाठव.”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भांडं परत आलं, घासून, पुसून, लख्ख. चिठ्ठी गेली नव्हती.

तीन जानेवारीची वाट न बघता बाई त्याच दुपारी रूबेनकडे गेल्या. त्यानं स्वतः कॉफी केली, कप पुढे सरकवला. बाईंनी कोटही काढला नाही.

“रूबेन, तुझं नाव परत येणार. वेन्डेल चिठ्ठी पाठवणार नाही. मी तुला जे सांगितलं ते मला सांगायला नको होतं.”

रूबेननं कपाकडे पाहिलं. सवयीनं त्याचे ओठ हलले. ‘भाष्य’ हा शब्द तिथपर्यंत आला असावा. मग तो म्हणाला, “मासा खारटच होता, आर्डिसबाई. आठवडाभर पाणी पीत होतो.”

बाई हसल्या आणि मग त्यांना रडू आलं. रूबेननं त्यांना रडू दिलं. माणूस समजूतदार, वकील असून.

“अकरा जणांचं झालं,” बाई म्हणाल्या. “तुझ्याच वेळी...”

“तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला जे माहीत होतं ते आता राहिलं नव्हतं, एवढंच. मलाही कुठं माहीत होतं? मी तर पुस्तकंसुद्धा हलवली. उंदरांनी करारांच्या कायद्याचा अर्धा खंड खाल्ला.”

“आता काय करशील?”

“एकशेचाळीस घरं परत माझ्याकडं कशी येतील, माहीत नाही. दारोदार जायला मला जमत नाही. मला फोनवरही बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

ते गावाला ठाऊक होतं. रूबेन कागदावर वाघ, फोनवर मांजर.

तीन जानेवारीला दुपारी बारा वाजता नाव परत गेलं. सव्वाबाराला बाईंनी राजीनामा टेबलावर ठेवला. वेन्डेलनं वॉशिंग्टनहून फोन केला, एकतीस वर्षांची आठवण करून दिली, महिनाअखेरीला समारंभ करू म्हणाला. बाई म्हणाल्या, “समारंभ नको, सिनेटर. खिडकीतल्या झाडाला गुरुवारी पाणी घालायला सांगा.” रागावून बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, असं व्हर्जिलचं मत.

सोमवारी त्या पशुखाद्याच्या दुकानावरच्या खोलीत, रूबेनच्या नव्या जागेत जाऊन बसल्या. पगार ठरला नाही. रूबेननं विषय काढला तर त्या ऐकू न आल्यासारखं करत, आणि ऐकू तर त्यांना पैलतीरावरचं येतं. शेजारच्या गावच्या वकिलाकडं गेलेल्या घरांची यादी त्यांनी हातानं लिहिली आणि पहिल्यापासून फोन सुरू केले.

“मी आर्डिस क्नुट्सन. रूबेन परत काम करतोय. नाही, न्यायाधीश नाही झाला. माझ्यामुळं त्यानं दुकान बंद केलं होतं, म्हणून मी फोन करतेय. तुमची इच्छा असेल तर या.”

हे ‘माझ्यामुळं’ रूबेनला आतल्या खोलीत ऐकू जाई. पहिल्या आठवड्यात तो दोनदा बाहेर आला. “आर्डिसबाई, तेवढा शब्द गाळा ना.”

“तू तुझे कागद बघ.”

एप्रिलपर्यंत त्र्याण्णव घरं परतली. खुर्चीवर नव्या राष्ट्राध्यक्षांनी राजधानीतला एक माणूस बसवला. चांगला आहे म्हणतात. त्याचं नाव कुठल्या टेबलावर ठरलं ते आमच्याकडं कुणाला माहीत नाही. इडाच्या मागच्या खोलीत आता शनिवारी बिंगो असतो.

मे महिन्यात यादीच्या तळाशी चीज कारखान्याच्या ओल्गा व्रुबेलबाई उरल्या. त्यांचं काम मोठं.

“नाही येणार, आर्डिस,” त्या म्हणाल्या. “तो पलीकडचा वकीलही बरा आहे. आणि त्याच्याकडं गाडी लावायला जागा आहे.”

“हरकत नाही, ओल्गा.”

“तू मनाला लावून घेतलंस. चूक वेन्डेलची, आणि फोन तू करत बसलीस.”

“वेन्डेलनं कुणाला फोन केला नव्हता,” आर्डिसबाई म्हणाल्या. “मी केला होता.”

“पार्किंगचं काही होईल का?” ओल्गाबाईंनी विचारलं.

“खालचा दुकानदार माझा भाचा आहे. विचारते आणि तुला कळवते. होईलच असं सांगत नाही.”

फोन ठेवून त्या जिना उतरल्या, भाच्याला विचारायला.