हंबरडा

घडियाळी पोळ या आमच्या गल्लीत कोणाचंही बेसणं असो, फोटोला हार पडायच्या आत शेजारच्या एक बाई हजर. दुखवट्याच्या बैठकीला बडोद्यात आम्ही मराठी माणसंही बेसणंच म्हणतो.

हंबरडा खरा वासरू हरवलेल्या गाईचा. बाईंचं काहीच हरवलेलं नसायचं. दारात नवी चप्पल निघाली की त्या हंबरडा फोडायच्या, आणि आलेला माणूस हात जोडून गेला की पदर सारखा करून पंखा वाढवायला सांगायच्या.

माझ्या आईच्या बेसण्याला मात्र तासभर गप्प बसल्या. मी खवचटपणे विचारलं, "मावशी, आज घसा बसला वाटतं?"

रिकाम्या सतरंजीकडे बघत त्या म्हणाल्या, "हंबरडा आलेल्यांना ऐकवायचा असतो, दीकरा. ऐकायला आलंय कोण?"