गळ्याकडे जाणारा हात

रस्त्याने चालणाऱ्या बाईच्या मागे मी मोटारसायकल हळू केली की तिचा हात गळ्याकडे जातो. पदर असेल तर पदर ओढला जातो, ओढणी असेल तर ओढणी. मान वळत नाही, फक्त चाल वाढते. बदलापूरहून अंबरनाथच्या एमआयडीसीत मी अकरा वर्षं मोटारसायकलने जाते, म्हणजे हा हात मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही. सुरुवातीला डोकं फिरायचं. अगं बाई, मी एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, पगार वेळेवर होतो माझा, तुझी चेन घेऊन काय करू, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. पुढे राग गेला आणि भीती आली. राग परवडला असं आता वाटतं.

लोक हेल्मेट बघून माणूस ठरवतात. पेट्रोल पंपावर "भाऊ, कितीचं टाकू?" सिग्नलला रिक्षावाला, "ए हिरो, बाजूला घे." सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सीसीटीव्हीतला धुरकट फोटो टाकतं. काळी गाडी, काळं हेल्मेट, काळं जॅकेट, आणि खाली ओळ, 'असे लोक आपल्या भागात फिरत आहेत, सावध राहा'. आता असे लोक म्हणजे मीच की! आणि हेल्मेट काढलं की दुसरीच तऱ्हा. "मॅडम, एवढी जड गाडी झेपते तुम्हाला?" नातेवाइकांत मी फटफटीवाली. माझं लग्न का जमलं नाही, याचं कारणही त्यांना त्या फटफटीतच सापडलंय. एका मावशीला तर मी म्हटलंसुद्धा, आता हिलाच हळद लावा आणि मोकळ्या व्हा.

थट्टा करते खरी, पण शहाडला जे पाहिलं त्यानंतर थट्टा जरा कमी झाली. स्टेशनबाहेर एका मोटारसायकलवाल्याला लोकांनी धरलं होतं. मोबाईल चोरला म्हणे. चोरला होता की नव्हता, देव जाणे. पंचवीस-तीस माणसं होती आणि मागून येणारा प्रत्येक जण काय झालं ते न विचारता एक लाथ घालून पुढे जात होता. त्याचं हेल्मेट रस्त्यावर गडगडत माझ्या चाकाजवळ आलं. मी थांबले नाही. गाडी काढली आणि सरळ घरी आले. त्या दिवसापासून मी वेणी जॅकेटच्या बाहेर काढून ठेवायला लागले. मागून निदान कळावं, बाई आहे. पायी चालणाऱ्या बायकांच्या जवळून जायचं नाही, हेल्मेटची काच वर ठेवायची, हळू तर अजिबात करायची नाही. माझे नियम ठरून गेले होते.

घरात आई आणि मी, दोघीच. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई बदलापूर गावातल्या शेतकरी घरातली, बोलायला फटकळ, भ्यायला पहिला नंबर. आमच्या शेजारच्या काकूंची चेन भरदिवसा ओढून नेली, तेव्हापासून आई आपली चेन ब्लाउजला सेफ्टी पिनने अडकवून बाहेर पडायची.

"अगं, कुणी ओढली तर तूच फरफटत जाशील," मी म्हटलं.

"जाईन. पण चेन नाय जायची."

"शाबास. मग चेनसकट पोचवू का तुला वर?"

"मेल्यांचे हात मोडले पाहिजेत," आई म्हणाली. तिचं उत्तर नेहमी तेच असायचं.

तो सोमवार होता. आई दर सोमवारी शेअर रिक्षाने अंबरनाथच्या शिवमंदिरात जाते आणि दुपारपर्यंत परत येते. माझी गाडी त्या आठवड्यात उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे पडली होती. "दीदी, दो दिन लगेगा, तब तक मेरी ले जाओ," म्हणून त्याने स्वतःची गाडी दिली होती. काळी कुळकुळीत, आणि सायलेन्सर असा की अख्ख्या गल्लीला कळावं, स्वारी आली. कंपनीत वीज गेली आणि साडेअकराला आम्हाला घरी सोडलं. लॅबमध्ये टोपीखाली केस घट्ट गुंडाळावे लागतात. लवकर सुटल्याच्या आनंदात मी अंबाडा सोडला नाही, वेणी घातली नाही, तशीच हेल्मेट चढवून निघाले. ऊन होतं म्हणून काचही खाली होती.

मंदिराकडून येणाऱ्या रस्त्यावर आई पुढे चालताना दिसली. हातात पूजेची पिशवी, जरा लंगडत. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, बसवू हिला मागे, रिक्षाची वाट बघायला नको. हॉर्न दिला तर दचकेल म्हणून हॉर्न दिला नाही. गाडी अगदी हळू करून तिच्या बाजूला आणली आणि चालू गाडीवरूनच डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

जी गोष्ट इतकी वर्षं टाळली, तीच मी स्वतःच्या आईबरोबर केली. काय अवदसा आठवली होती मला!

आईने मागे पाहिलंच नाही. दोन्ही हातांनी गळा धरला आणि किंचाळली, "चोर! चोर!" अंग झटकताना तिचा तोल गेला आणि ती गटाराच्या कडेला कोसळली. चष्मा उडाला. मी गाडीवरून उतरतेय तोवर कुणीतरी मागून माझ्या पाठीत लाथ घातली.

मी गाडीसकट आडवी झाले. उठले तेव्हा दोन माणसांनी माझे दोन्ही हात मागे पिळले होते. एकाने पहिल्यांदा गाडीची चावी काढून घेतली. लोकांना हे कसं बरोबर सुचतं कोण जाणे. "पकड, पकड, चेन खींच रहा था." "माताजींना पाडलं हरामखोराने." "व्हिडिओ घे, व्हिडिओ घे." "हे गाडीवाले सगळे असलेच." मग हेल्मेटवर काठी बसली. बाहेरून तो आवाज केवढा येतो मला माहीत नाही, आत डोकं फुटल्यासारखा येतो.

"ती माझी आई आहे," मी ओरडले. काच खाली, तोंडाला धुळीसाठी बांधलेला रुमाल, आणि भोवती एवढा गलका. "आई, आई," एवढंच ओरडत राहिले, पण मार खाणारं माणूस आणखी काय ओरडतं? कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दोन काठ्या आणखी पडल्या, एक मांडीवर, एक खांद्यावर. सांगायला लाज वाटते, पण सांगते, माझी पँट ओली झाली. माझं वय चाळीस.

मग कुणीतरी म्हणालं, "तोंड बघू साल्याचं," आणि हेल्मेट ओढायला लागलं. हनुवटीखालचा पट्टा लावलेलाच होता. तो सोडवायला माझे हात मोकळे नव्हते आणि ओढणाऱ्याला पट्टा असतो हे सुचत नव्हतं. तो जेवढा जोर लावी तेवढा पट्टा गळ्यात रुतत होता. मला श्वास घेता येईना. पाय जमिनीवरून सुटले. डोळ्यांसमोर काळे ठिपके आले आणि मला स्वच्छ कळलं की मी आता मरणार, आईपासून चार पावलांवर, आणि ती 'हात मोडा मेल्याचे' म्हणत असेल.

तेवढ्यात आईचा आवाज आला.

"सोडा त्याला! माझा मुलगा आहे तो!"

ओढणारा हात थांबला, मागचे हातही सुटले. मी खोकत खाली बसले.

"आजी, तुम्हीच तर चोर चोर ओरडलात," काठीवाला म्हणाला.

"चुकलं माझं. म्हातारी आहे, घाबरले, ओळखलं नाय. मला न्यायला आलाय तो."

"मुलगा आहे? नाव काय त्याचं?"

आईने नाव सांगितलं. क्षणभरही न थांबता सांगितलं. चांगलं ठसठशीत मुलग्याचं नाव. त्या नावाचं आमच्या घरात, भावकीत कुणी नाही. माझ्या आईला मुलगा नाही. मी एकटीच तिची.

श्वास परत आला होता, पण ते नाव ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हिने मला ओळखलेलं नाही. ही भलत्याच कुणाबद्दल बोलतेय. आणि आता हेल्मेट काढलं की ह्या सगळ्यांना कळणार, म्हातारी खोटं बोलली. मग तिलाही धरतील, दोघी मिळून चोऱ्या करतात म्हणतील. शहाडला पाहिलेल्या लाथा माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. मी पट्ट्याला हात लावून तशीच बसून राहिले. काढावं की नाही कळेना.

"काढ रे हेल्मेट," काठीवाला म्हणाला. काढलं. अंबाडा सुटून पाठीवर पडला.

"अरे, ही तर बाई आहे!"

मग एक जण सावकाश म्हणाला, "आजी, हा मुलगा?"

आई गटाराच्या कडेला बसली होती. डावं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं, उजवा हात चष्म्यासाठी धूळ चाचपत होता. ती माझ्या दिशेने बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. एवढं सहा-सात फुटांचं अंतर आणि तिच्या नजरेत ओळखीचं काही म्हणजे काही नव्हतं. त्या काठीची वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या नजरेची वाटली.

"आई, मी आहे गं," मी म्हटलं. घसा बसला होता, अर्धाच आवाज निघाला.

तिचा हात धुळीतच थांबला. "कोण?" ती म्हणाली. "तू? अगं तू कुठून आलीस?" आणि मग तिला कळलं. तिचं तोंड असं काही झालं की काठीवाल्याने काठी खाली टाकली. मी गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेले तर तिने चांगल्या हाताने माझ्या थोबाडीत दिली, आणि मग त्याच हाताने मला छातीशी धरून मोठ्याने रडायला लागली. सेफ्टी पिन माझ्या गालाला टोचत होती. चेन जागेवर होती.

मग काय, सगळेच भले झाले. कुणी पाणी आणलं, कुणी चष्मा शोधून दिला. चावी घेणाऱ्याने चावी दिली आणि वर मलाच समजावलं, "ताई, असं मागून हात नका लावत जाऊ, दिवस बरे नाहीत." ती त्याच्याच तोंडावर मारावी असं वाटलं, पण मुकाट्याने खिशात टाकली. एका रिक्षावाल्याने आम्हाला दवाखान्यात नेलं आणि पैसे घेतले नाहीत.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घातलं, इंजेक्शन दिलं. माझ्या गळ्याला मलम लावून नर्सने विचारलं, कशाने झालं, तर मी म्हटलं, हेल्मेटच्या पट्ट्याने. ती म्हणाली, इतका घट्ट लावायचा नसतो.

आई गुंगीत होती. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. खरं तर मी तिला झोपू द्यायला हवं होतं, पण मला राहवेना.

"आई, तू मला ओळखलं नव्हतंस ना?"

"नाय. चष्मा कुठे होता?"

"मग मुलगा आहे म्हणालीस ते? तुला काय वाटलं, कोण आहे?"

"चोर," आई म्हणाली. "दुसरं कोण असणार? मागून येऊन खांद्यावर हात टाकला मेल्याने."

"आणि चोराला मुलगा म्हणालीस?"

तिने मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं, लागली झोप. मग डोळे न उघडता म्हणाली, "त्याचा श्वास अडकत होता गो. ऐकवत नव्हतं. म्हटलं, हा आता मेला तर माझ्या ओरडण्याने मरेल."

मी तिच्या प्लास्टरवर हात ठेवून बसले. इंजेक्शन चढत होतं, बोलणं जड होत चाललं होतं. पुन्हा तिने ओठ हलवले म्हणून मी कान जवळ नेला.

"फार लागलं का गो त्याला?"

"नाही आई," मी म्हटलं. "सुटला तो."